घरोघरचा वाटेकरी

आमच्या सोसायटीत चौदा घरं आहेत, बावन्न माणसं आहेत आणि त्यांतला प्रत्येकजण स्वतःला उरलेल्या एक्कावन्न जणांपेक्षा हुशार समजतो. हे मी हवेत बोलत नाही. माझ्याकडे नोंद आहे.

टीव्हीवर रहस्यमालिका सुरू झाली की आमच्याकडे डबा फिरतो. डबा माझा, चकलीचा, स्टीलचा. गुरुवारी सकाळी प्रत्येक घराने त्यात एक चिठ्ठी टाकायची: गुन्हेगार कोण, आणि कशावरून. संध्याकाळचा भाग लागायच्या आत मी चिठ्ठ्या उघडते आणि वहीत उतरवून घेते. मालिका संपल्यावर ज्याने सगळ्यांत आधी बरोबर ओळखलं त्याला बाकीच्यांनी गच्चीवर भेळ करून घालायची. मी अडतीस वर्षं जमीन मोजणी खात्यात काढली. हद्दीचा दगड कोणी सरकवला हे मला साखळी टाकायच्या आधीच कळायचं. ज्याने सरकवलेला असतो तो दगड सोडून सगळीकडे बघतो. मालिकांतही तेच चालतं. नऊ मालिकांत सात वेळा भेळ मी खाल्ली. दोनदा हरले, पण त्यांतल्या एका मालिकेत लेखकच चुकला होता.

दिवाळीनंतर ‘सातवा वाटेकरी’ सुरू झाली. सोळा भाग, दर गुरुवारी सातला. महाबळेश्वरच्या बाजूला एक मोठी स्ट्रॉबेरीची बाग, तिचे सहा वारस. पहिल्याच भागात एक वारस मरतो आणि उशाशी चिठ्ठी सापडते, ‘मी सातवा वाटेकरी.’ मग दर भागात एकावर घाला. संशयित ठरलेले: घरची सून रेवती, धाकटा दीर जयसिंग, डॉक्टर, वकील, माळी आणि विधवा माईआत्या, जी सगळ्यांना वाढते आणि स्वतः शेवटी जेवते.

ही मालिका फक्त नव्या टीव्ही सेटवर दिसत होती. वरच्या कडेला हरभऱ्याएवढा काळा डोळा असलेला तो सेट आमच्या चौदाही घरांत पोचला होता. डोळा कशाला, असं कोणी विचारलं नाही. मीही नाही.

आमचा एक नियम बरा आहे. आम्ही जैन, सूर्य मावळायच्या आत जेवून मोकळे. सातला ओटा पुसलेला, भांडी पालथी. भरतेश, माझा मुलगा, साखर कारखान्यात केमिस्ट आहे. तो सोफ्यावर आडवा. पद्मजा, माझी सून, हळदीच्या प्रयोगशाळेत भेसळ शोधते. ती खाली गादीवर, मांडीवर मैना. मी माझ्या खुर्चीत. मैना ऑगस्टअखेरीस झाली. पद्मजाची रजा एक मार्चला संपणार होती आणि तिथून पुढे दिवसभर मैना माझ्याकडे राहणार, असं ठरलं होतं.

म्हणजे दवाखान्यात भरतेश तसं म्हणाला होता. पद्मजा नाही म्हणाली नव्हती. मोजणीत ‘हरकत घेतली नाही’ आणि ‘कबूल आहे’ ही दोन वेगळी कलमं असतात. ती मी आयुष्यभर वेगळी ठेवली, त्यामुळे घरातही मला ती एकत्र करता येईनात. रोज संध्याकाळी पद्मजा गॅलरीत जाऊन निपाणीला आईशी फोनवर बोलायची. पाठ आमच्याकडे. काय बोलते ते ऐकू यायचं नाही. मैनाला ती निपाणीला ठेवणार, असं मी मनातल्या मनात धरून चालले होते. म्हणायचे मात्र काही नाही. नात हातातून जाऊ नये म्हणून माणूस केवढा गोड होतो, हे मी त्या दिवसांत स्वतःच्या अनुभवावरून शिकले.

एरवी तिसऱ्या आठवड्यापर्यंत निम्म्या चिठ्ठ्यांवर एकच नाव येतं. लोक हुशार असतात, पण एकसारखेच हुशार असतात. या वेळी सहावा आठवडा आला तरी वहीचा नुसता गोंधळ. तळमजल्यावरच्या कोरेबाईंनी लिहिलं, ‘डॉक्टर, कारण तो दहादा हात धुतो.’ समोरच्या खाडेवहिनींनी लिहिलं, ‘धाकटा दीर, कारण तो लंगडतो आणि लंगडणं लपवतो.’ मी विचारात पडले. जयसिंग लंगडताना मी पाहिला नव्हता. डॉक्टर हात धुताना तर मुळीच नाही. मला वाटलं, वय झालं, आता नजर चुकते.

माझी चिठ्ठी मात्र पक्की होती. ‘रेवती. कारण फोनवर बोलताना ती खिडकीकडे तोंड करते आणि पडद्याचं टोक पिळते. ज्याच्या मनात काही नाही तो पडदा पिळत नाही.’

दहाव्या भागात त्या घरातल्या तान्ह्या बाळावर बेतलं. पाळण्याजवळ दुधाची वाटी, वाटीवर एक हात. हात कोणाचा ते दाखवलंच नाही. पद्मजाने मैनाला छातीशी धरलं आणि भाग संपेपर्यंत सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यात खाडेवहिनी भेटल्या. कुलूपवाला त्यांच्या दाराला नवं कुलूप बसवत होता.

“काय वो, चोरी झाली का?” मी विचारलं.

“चोरी कशाची. तानाजीभावजी गावाकडं गेले कायमचे.” तानाजीभावजी हा त्यांचा दीर. बावीस वर्षं त्यांच्याकडे राहिलेला, पायाने अधू, सगळ्या सोसायटीची लाइटबिलं रांगेत उभं राहून भरणारा माणूस.

“का?”

“का म्हंजे, तसं काय न्हाई.” वहिनींनी कुलपाकडे बघत पदर नीट केला. “पण मला आताशा ते घरात चालाय लागले की कसंतरी व्हायचं बघा. यांनाबी. मग तेच म्हणाले, जातो.”

मी विषय बदलला. “काल बाळाचं बघितलंत का? मला तर बघवेना.”

“कुठलं बाळ?”

“मालिकेतलं. दुधाची वाटी.”

“आमच्यात बाळ कुठाय?” त्या म्हणाल्या. “काल तर जयसिंगानं जिन्यात तेल सांडलं.”

कुलूपवाल्याने किल्ली फिरवून बघितली. मी घरात न जाता दोन जिने खाली उतरले आणि निरंजन देशिंगकरची बेल वाजवली.

निरंजन घरी बसून काम करतो. ज्या कंपन्या यंत्राकडून मालिका बनवून घेतात त्यांचे मराठी संवाद तो तपासतो. एरवी त्याच्या कामात मी नाक खुपसत नाही. त्या दिवशी खुपसलं.

“करारात लिहिलेलं असतं काकू, अकराव्या पानावर,” तो म्हणाला. “पण अकराव्या पानापर्यंत अजून कोणी पोचलेलं नाही.”

“तू सांग.”

त्याने माझ्या गालाकडे बोट केलं. “ठोका पडला की इथे रक्त येतं. कातडीचा रंग एवढासा बदलतो. आपल्या डोळ्याला नाही दिसत, सेटच्या डोळ्याला दिसतो. झाली नाडी मोजून. डोळ्यातली बाहुली मोठी होते, श्वास अडतो, पापणी थांबते, तेही तो टिपतो. आणि मालिका काही आधी शूट केलेली नसते. सांगाडा सगळ्यांना एक. चेहरे, चाल, सवयी, प्रसंग, हे यंत्र तुमच्या खोलीपुरतं त्याच क्षणी बनवतं. ज्यात ठोके वाढले ते ठेवायचं, ज्यात नाही वाढले ते टाकून द्यायचं.”

“पण जयसिंगला तानाजीभावजींचा पाय कसा मिळाला?”

“यंत्राला भावजी माहीत नाहीत. त्याला एवढंच दिसतं, की खोलीतून एक माणूस लंगडत गेला आणि दुसऱ्या माणसाचे ठोके आठाने वाढले. मग ते लंगडणं उचलून एका पात्राला देऊन बघायचं. पुन्हा वाढले? मग अजून थोडं द्यायचं. त्याला लोकांनी पुढच्या गुरुवारी यायला हवंय. अनोळखी माणसाची भीती दोन भाग टिकते, काकू. ओळखीच्याची सोळा भाग पुरते.”

“म्हणजे ते आळ घेतं.”

“नाही. ते नुसतं विचारत राहतं. हो म्हणतो तो आपला गाल.”

“मग खरा वाटेकरी कोण?”

“अजून कोणीच नाही. सोळाव्या भागात बघायचं, कोण निघाला तर या खोलीला सगळ्यांत जास्त धक्का बसेल. तोच.”

“आणि माझा डबा? भेळ?”

“या वेळी चौदाही घरं जिंकणार,” निरंजन म्हणाला आणि हसला. मी हसले नाही. मला पडद्याचं टोक आठवत होतं. आमच्या गॅलरीच्या दारालाही पडदा आहे. फोनवर बोलताना पद्मजा त्याचं टोक पिळते. सहा वर्षं पिळत असेल. मी ते कधी पाहिलं, कधी मनात टिपून ठेवलं आणि कधी मला त्याची धास्ती वाटायला लागली, हे मला माहीत नव्हतं. सेटच्या डोळ्याला माहीत होतं.

आणि बाळ? बाळाच्या भीतीने कोणाचे ठोके वाढले असतील, हे ओळखायला मोजणी खात्याची गरज नव्हती.

सांगून टाकावं, असं जिना चढताना तीनदा मनात आलं. निरंजनने सांगितलं ते दोघांना सांगायचं आणि सेट बंद करायचा. पण पद्मजा भेसळ शोधणारी बाई आहे. तिने पहिला प्रश्न काय विचारला असता? ‘आई, आपल्या घरात काय काय बदललं?’ मग पडदा सांगावा लागला असता. तुझ्याबद्दल माझ्या मनात काय चाललंय ते टीव्हीवर दर गुरुवारी लागतं, असं सांगावं लागलं असतं. रजा संपायला सहा आठवडे राहिले असताना.

मी आडवाटेने प्रयत्न करून पाहिला.

“या गुरुवारी नको बघायला,” मी म्हटलं. “उगाच मारामाऱ्या. मैनाच्या कानावर पडतं.”

“मैना झोपलेली असते,” पद्मजा म्हणाली.

“अगं, तूच डबा फिरवतेस आणि तूच नको म्हणतेस?” भरतेश म्हणाला. “हरायला लागलीस वाटतं.”

पद्मजा हसली नाही. “बाळाचं काय होतं ते मला बघायचंय,” ती म्हणाली आणि माझ्याकडे गरजेपेक्षा एक सेकंद जास्त बघत राहिली. शेताच्या मोजणीत तेवढी चूक आम्ही सोडून द्यायचो.

मग मला उपाय सुचला. तो उपाय आमच्यातल्याच बाईला सुचू शकतो.

आमच्यात सामायिक करतात. दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, एका जागी बसायचं आणि मनाचा काटा मध्यावरून हलू द्यायचा नाही. कोणी फूल टाकलं तरी तेच, दगड टाकला तरी तेच. नवरा गेल्यापासून मी रोज पहाटे सामायिकाला बसते, अकरा वर्षं झाली. मध्यंतरी माझी हृदयाची तपासणी झाली तेव्हा मी सवयीने मनात तेच करत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, झोपलात का?

मालिकेचा भागही जाहिरातींसकट तेवढाच. टीव्हीसमोर सामायिक हा व्रताचा उपमर्द आहे, हे मला कळत होतं. पण माझा गाल गप्प राहिला तर रेवतीचा पडदा सुटेल, एवढंच मी पाहिलं. उघड्या डोळ्यांनी, खुर्चीत, हात मांडीवर. तेराव्या भागापासून सुरुवात केली.

काम झालं. चौदाव्या भागात रेवती फोनवर बोलली तेव्हा तिचा दुसरा हात ओट्यावर होता. पडदा कुठेच नाही. मला तेव्हा काय वाटायला हवं होतं आणि मी काय वाटू दिलं नाही, ते जाऊ दे. भाग संपल्यावर मात्र मी आत जाऊन देवाला नमस्कार केला. आणि खरं सांगते, त्या आठवड्यात पद्मजा गॅलरीत गेली तरी मला काही वाटेना. माझी धास्तीच गेली. निपाणी तर निपाणी, ठेवू दे, असंही एकदा मनात येऊन गेलं.

त्याच सुमाराला माईआत्या जास्त दिसायला लागली. सगळे धावत सुटले की ती वेताच्या खुर्चीत बसलेली. डॉक्टर ओरडतोय, रेवती रडतेय, माईआत्या हात मांडीवर ठेवून शांत. मला वाटलं, चला, बिचारीला एवढ्या उशिरा का होईना, काम मिळालं.

बांधावरच्या माणसांचे चेहरे मी अडतीस वर्षं वाचले. साखळी धरून उभ्या असलेल्या बाईचा चेहरा कसा दिसतो, हे बघायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती.

पंधराव्या भागात वाटी बाळाच्या ओठांपर्यंत गेली. भरतेश उठून बसला. पद्मजाच्या तोंडून बारीक आवाज निघाला. तिने मैनाला कवटाळलं आणि वळून माझ्याकडे पाहिलं. माझं तिसावं-एकतिसावं मिनिट चालू असावं. तिने माझ्याकडे पाहिलेलं मला दिसलं. मी ते फूल मानलं नाही, दगडही मानला नाही.

भाग संपल्यावर ती म्हणाली, “आई, तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

“मालिका आहे गं ती,” मी म्हटलं.

आयुष्यात मी बरीच खोटी उत्तरं दिली आहेत आणि ती खपून गेली आहेत. हे उत्तर खरं होतं.

शेवटच्या गुरुवारी सकाळी मी डबा घेऊन निघाले तेव्हा पद्मजा म्हणाली, “आपल्या घराची चिठ्ठी आज मी टाकते.” घडी चारपदरी होती. तेरा घरं फिरून आले, दुपारी वही उघडली. खाडेवहिनी: दीर. कोरेबाई: डॉक्टर. या कोरेबाईंचे यजमान औषधाचं दुकान चालवतात आणि दिवसातून दहादा हात धुतात. ते आठवडाभर दुकानातच झोपायला जात होते. एक एक करत मी सगळं उतरवलं. आमची चिठ्ठी सगळ्यांत खाली होती.

‘माईआत्या. कारण ती घाबरत नाही.’

वहीत रकाना असतो, तो भरावा लागतो. मी भरला.

तेव्हा कुठे मला निरंजनला न विचारलेला प्रश्न सुचला. खोलीत तीन माणसं आहेत. दोघांचे ठोके उडतात आणि तिसऱ्याचे बाळाच्या तोंडाला विष लागलं तरी जागच्या जागी. यंत्राने काय समजायचं? त्याला सामायिक माहीत नाही, जसे त्याला तानाजीभावजी माहीत नाहीत. त्याने ते शांत बसणं उचललं आणि एका म्हातारीला देऊन बघितलं. ज्या पोरीची रजा चार दिवसांत संपणार होती तिचा गाल हो म्हणाला असणार. मग त्याने अजून थोडं दिलं.

त्या संध्याकाळी मी ठरवलं, आज घाबरायचं. चांगलं घाबरायचं, दचकायचं, हातातलं पाडायचं. त्याची गरज पडली नाही. पहिल्याच प्रसंगात माईआत्या खुर्चीतून उठली आणि माझं काळीज असं धडधडायला लागलं, की कानात आवाज येत होता. तिने पदर खोचला, मी पदर धरला. ती पाळण्याच्या दिशेने वळली आणि माझा श्वास अडकला. पद्मजाचाही अडकला, मला ऐकू आला. सेटचा डोळा दोघींकडे बघत होता. खोलीत दोन बायका एकाच म्हातारीला भीत होत्या. यंत्राला याहून सोपं उत्तर कोणतं मिळणार?

माईआत्याच निघाली. शेवटी पोलीस तिला विचारतात, बाळाने तुझं काय बिघडवलं होतं? ती म्हणते, “काही नाही. ते माझ्याकडे राहणार होतं, एवढंच हवं होतं मला.”

“जिंकलीस की,” भरतेश पद्मजाला म्हणाला. “आईची गादी गेली. भेळ तुझी.”

पद्मजा उठली, मैनाला घेतलं आणि आत गेली. दाराची कडी लावल्याचा आवाज झाला. आमच्या घरात आतल्या खोलीची कडी त्याआधी कधी लागली नव्हती.

शुक्रवारी भरतेश कामावर गेल्यावर मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. निरंजन, गाल, ठोके, पडदा. पडदासुद्धा. ती हळदीचा नमुना बघावा तसं माझ्याकडे बघत ऐकत होती. अर्ध्यावर कुठे ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

“टीव्हीसमोर सामायिक,” ती म्हणाली.

“हो.”

“म्हणजे तुम्हाला माझी भीती वाटत होती. आणि ती मला कळू नये म्हणून तुम्ही तीन आठवडे काही वाटूच दिलं नाही.”

“तुझ्यासाठीच गं.”

“आणि तुम्हाला ते जमलं.”

“जमलं.”

ती थोडा वेळ मैनाच्या टोपीची गाठ सोडवत बसली. “मी निपाणीला फोन करायचे ना आई, तेव्हा आईला सांगायचे, मैनाला सासूबाईंकडे ठेवणार म्हणून. आई म्हणायची, इकडे आणून ठेव. मी तिच्याशी भांडायचे.” गाठ सुटली. “आता ती विचारेल, सासूबाई कशा आहेत? मी काय सांगू? तुम्हाला कधी काय वाटतं, हे मला यापुढे कळणार कसं?”

मी मैनाची सुटलेली टोपी घेतली आणि घडी घातली.

मला वाटलं, मैना जाणार. शनिवार-रविवार मी तिच्या दुपट्यांच्या घड्या घालत होते आणि बॅगेत भरत नव्हते. पण सोमवारी, एक मार्चला, पद्मजा सकाळी डबा घेऊन तयार झाली. मैना गादीवर झोपलेली. बॅग कपाटावरच होती.

“नऊला उठेल,” ती म्हणाली. “वरणाचं पाणी काढून ठेवलंय.”

“ठेवून चाललीस?” मला तेवढंच विचारता आलं.

“ठरलं होतं ना.”

मग तिने सेट स्टँडसकट ओढून गादीसमोर आणला आणि रिमोटवर दोन-चार बटणं दाबली. चित्र आलं नाही, आवाज नाही. काळ्या डोळ्याच्या शेजारी एक हिरवा ठिपका लागला.

“हे काय?”

“‘सोबत’ म्हणून सोय आहे त्यात. वयस्कर माणसं, लहान मुलं घरी असली की लावतात.” तिने चप्पल घातली. माझ्याकडे न बघता ती पुढचं बोलली. “माझ्या फोनवर रेघ दिसते. ठोके फार चढले तर मला कळतं. फार उतरले तरी कळतं.”

“आणि कळल्यावर?”

“कळल्यावर मी येते,” पद्मजा म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

नऊला पाच कमी असताना मैना जागी झाली. आधी छताकडे बघितलं, मग मला शोधलं. सापडल्यावर हसली आणि दोन्ही हात वर केले. मी वाकले. वाकताना छातीत धडधडायला लागलं. सहा महिने ज्याची वाट बघितली ते समोर हात पसरून होतं, दुसरं काही कारण नव्हतं. पण रेघेवर कारण लिहून येत नाही. शांत व्हावं म्हटलं, तर शांत बाई कशी दिसते ते या घराने गुरुवारीच पाहिलं होतं.

मैना हात वर करून वाट बघत होती. मी तिच्यापासून वीतभर अंतरावर हात थांबवले आणि ठोके बेताचे व्हायची वाट बघत वाकून राहिले. ते बेताचे होईनात. तिचा ओठ रडायला वळला.